कबुलीजबाबाचा कायदा

‘केसरी’त ९ जून १९०८ रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या मथळ्याचा अग्रलेख प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच दिवशी सरकारने दोन कायदे मंजूर केले होते. एक स्फोटक पदार्थांविषयीचा आणि दुसरा चिथावणीखोर मजकूर छापणारे छापखाने जप्त करण्याविषयीचा. निमित्त होते मुजफ्फरपूर येथे ३० एप्रिलला झालेल्या बाँबहल्ल्याचे. किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी टाकलेल्या त्या बाँबने दोन इंग्रज स्त्रियांचा बळी घेतला. केवळ दडपशाहीने बाँब थांबणार नाही, असा टिळकांच्या लेखाचा आशय होता. हा लेख आणि त्याआधीचा ‘देशाचे दुर्दैव’ हा लेख यांच्याबद्दल टिळकांना २४ जूनला मुंबईत अटक झाली व २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील होते, ही गोष्ट जाता जाता लक्षात ठेवण्यासारखी आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांतील कामगारांनी शिक्षेच्या वर्षामागे एक दिवस असा सहा दिवस संप केला. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली.

तेव्हा दहशतवादाविरुद्ध सरकार जे धोरण आखते त्याचे परिणाम काय होतात, हा विषय गिरणगावाला आजचा नाही. गिरगावालाही नाही. १९१८ साली रौलट समितीने आपला अहवाल सादर केला, त्याचे पहिले प्रकरण मुंबई इलाख्यातील क्रांतिकारक कटांविषयी आहे. त्या अहवालातून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा निघाला आणि ६ एप्रिलला सकाळी हजारो लोक गिरगाव चौपाटीवर समुद्रस्नानासाठी जमले. तेथून गांधीजींसह त्यांची मिरवणूक ठाकूरद्वाराकडे गेली. पुढल्याच आठवड्यात अमृतसरला जालियनवाला बाग घडली. ज्या कायद्यापायी हे सारे झाले, तो प्रत्यक्षात जवळजवळ वापरलाच गेला नाही व १९२२ साली रद्द झाला. १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा मात्र आजही लागू आहे.

‘कडक कायदा’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, परंतु कायदा कडक करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार क्वचितच करतो. शिक्षा वाढवणे, असे सहज उत्तर येते. वस्तुतः खुनाला फाशीची शिक्षा साध्या दंडविधानातही होतीच. बाँब फोडून माणसे मारणाऱ्याला फासावर द्यायला नवा कायदा लागत नाही. विशेष कायद्यात बदलतात त्या गोष्टी दोन : गुन्हा सिद्ध कशाने करायचा, आणि तो सिद्ध होईपर्यंत आरोपीला किती काळ आत ठेवायचे. म्हणजे पुरावा आणि जामीन. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या गोष्टीविषयी लिहायचे आहे. दुसरी तिच्या पाठोपाठ येतेच.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा आपल्या कायद्यातील जुना नियम आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ते २५ वे कलम. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे, फक्त क्रमांक बदलला. हा नियम इंग्रजांनी दयाबुद्धीने केला असे नाही. महसूल आणि पोलीस खात्यातील छळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मद्रास इलाख्यात त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८५५ साली त्याचा अहवाल आला, आणि १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढील कबुलीला मनाई आली. आरोपीला खरोखरच कबुली द्यायची असेल तर त्याने ती दंडाधिकाऱ्यापुढे द्यावी. दंडाधिकाऱ्याने त्याला विचार करायला अवधी द्यावा व बोलण्याची सक्ती नाही हे समजावून सांगावे. परक्या सरकारने स्वतःच्याच पोलिसांवर ठेवलेला हा अविश्वास होता. या नियमाला बाजूला सारण्याचे काम स्वतंत्र भारताच्या संसदेने केले, आणि तेही चाळीस वर्षांनी.

पंजाबातील हिंसाचाराच्या काळात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, मे १९८५ मध्ये टाडा आला. १९८७ साली तो नव्याने केला गेला तेव्हा त्यात १५ वे कलम घातले गेले. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आता पुरावा म्हणून चालणार होता. या कलमाला आव्हान दिले गेले. करतारसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मार्च १९९४ मध्ये निकाल दिला आणि ते कलम तीन विरुद्ध दोन अशा मताने टिकले. न्या. रामस्वामी व न्या. सहाय यांचे मत विरुद्ध पडले. बहुमताने काही पथ्ये सांगितली, ती पाळली गेली की नाही हे ज्याने त्याने पुढील खटल्यांवरून ठरवावे.

या कायद्याची मुंबईशी गाठ पडली ती १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी. शेअर बाजार, काथा बाजार, झवेरी बाजार, सेनाभवनाजवळचा पेट्रोलपंप, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचा प्लाझा सिनेमा. दोन तासांत २५७ माणसे मेली. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतील दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली होती. स्फोटांसाठी टाडा लागला, आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात खास न्यायालय बसले. दंगलीच्या खटल्यांसाठी तशी घाई कोणी केली नाही, आणि त्यांत शिक्षा झालेल्यांची संख्या अगदी थोडी राहिली. दोन्ही गोष्टी एकाच शहराने एकाच हिवाळ्यात भोगल्या. परंतु एकीला दहशतवाद म्हटले गेले, दुसरीला दंगल. नावावरून न्यायाचा वेग ठरतो, हा या धोरणाचा एक परिणाम असून त्याची चर्चा फारच कमी होते.

आर्थर रोडचे आता साने गुरुजी मार्ग असे नाव आहे, पण तुरुंगाला जुनेच नाव चिकटून राहिले. (गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेव्हा त्यांचे नाव तुरुंगाच्या रस्त्याला लाभावे हे तसे योग्यच.) या तुरुंगातील न्यायालयात १२३ आरोपींचा खटला चालला. निकाल सप्टेंबर २००६ पासून सुरू झाला आणि शिक्षा सांगून संपायला २००७ चा मध्य उजाडला. १०० जण दोषी ठरले, २३ निर्दोष सुटले. ते २३ जण आपले निरपराधित्व सिद्ध व्हायला तेरा वर्षे थांबले. ज्यांचे नातेवाईक प्लाझापाशी किंवा झवेरी बाजारात गेले, तेही तितकीच वर्षे थांबले. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाची फाशी कायम केली, दहा जणांची जन्मठेपेत बदलली.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या खटल्यात १५ व्या कलमाखालील कबुलीजबाबांचा मोठा आधार घेतला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. कबुलीजबाबाच्या बाजूने बोलणारे हेच उदाहरण देतात. त्यांचा दुसरा मुद्दाही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नव्वदीच्या दशकात या शहरात टोळ्यांची दहशत एवढी होती की पिंजऱ्यात उभे राहून नाव घेणारा साक्षीदार मिळणे कठीण होते. साक्षीदार मिळत नसेल तर पोलिसांनी करायचे काय? परंतु १९९३ च्या खटल्यात कबुलीजबाबांच्या जोडीला सापडलेली स्फोटके होती, शस्त्रे होती, न फुटलेले बाँब होते, गाड्यांचा माग होता. कबुलीला टेकू देणारा पुरावा होता. तो नसेल तेव्हा काय होते, ते पुढे दिसले.

टाडाची देशभरची कथा याहून वाईट आहे. पंजाबसाठी म्हणून केलेला हा कायदा, पण ज्या गुजरातेत त्या वेळी दहशतवादी चळवळ नव्हती तेथेही तो हजारो लोकांवर लागला. देशात ७६ हजारांहून अधिक माणसे त्याखाली धरली गेली आणि गुन्हा सिद्ध झाला तो शंभरात जेमतेम एक-दोघांवर. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये खासदारांना पत्र लिहून हा कायदा पुढे चालवू नका असे आवाहन केले. त्याच वर्षी मे महिन्यात मुदत संपून तो गेला.

न्यूयॉर्कमधील सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ठराव क्रमांक १३७३ करून सर्व देशांना कडक कायदे करण्यास सांगितले, आणि त्याचा दाखला देत ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पोटाचा वटहुकूम निघाला. राज्यसभेने विधेयक फेटाळल्यावर मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून ते संमत करावे लागले. त्यातही पोलिसांपुढील कबुलीजबाब ग्राह्य होताच. पोटाला पाठिंबा देणाऱ्या सत्ताधारी आघाडीतील एका पक्षाचे नेते वायको यांनाच काही महिन्यांनी एका भाषणाबद्दल पोटाखाली अटक झाली व दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. २००४ साली पोटा रद्द झाला.

देशाबाहेरचे अनुभव आपल्यापेक्षा फार निराळे नाहीत. इंग्लंडात ऑक्टोबर १९७४ मध्ये गिल्डफर्ड येथे आणि नोव्हेंबरमध्ये बर्मिंगहॅम येथे मद्यगृहांत बाँब फुटले. बर्मिंगहॅमनंतर अवघ्या आठ दिवसांत नवा दहशतवादविरोधी कायदा आला. त्याखाली पोलिसांना संशयिताला सात दिवस आरोपाविना ठेवता येऊ लागले. त्या सात दिवसांत गिल्डफर्डच्या चौघांच्या कबुल्या तयार झाल्या. ते चौघे १९८९ साली, आणि बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ साली निर्दोष म्हणून सुटले. म्हणजे साधारण पंधरा-सोळा वर्षांनी. अमेरिकेने तर २००२ साली ग्वांटानामोचा तुरुंग आपल्या भूमीबाहेरच उघडला. सप्टेंबर २००१ च्या कटाचा मुख्य सूत्रधार म्हणून ज्याला २००३ साली पकडले, त्याने गुप्त कोठड्यांतील छळानंतर दिलेली माहिती न्यायालयात चालेल की नाही याच वादात खटला अडकला आणि पकडल्यानंतर वीस वर्षांनीही निकालापर्यंत पोचला नव्हता. छळाने मिळालेली माहिती खरी असेलच असे नाही, आणि न्यायालयात तीच गळ्यात अडकते.

याला जोडून आणखी एक परिणाम आहे, तो आपल्या सीमेवर दिसतो. १९९३ च्या स्फोटांतील आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्ये पकडला गेला. तो देश फाशी देत नाही, जन्मठेपही देत नाही. तेव्हा फाशी देणार नाही व पंचवीस वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, असे वचन भारत सरकारने दिले आणि नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईत आणला गेला. पुढे अटींबाहेरचे आरोप लावल्याचा ठपका पोर्तुगीज न्यायालयाने ठेवला आणि काही आरोप मागे घ्यावे लागले. २०१७ साली येथील न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वचन पाळावे लागेल. म्हणजे देशात कितीही कठोर कायदा केला तरी परदेशाच्या दारात तो मऊ करूनच ठेवावा लागतो. एका आर्थिक गुन्ह्याच्या प्रकरणात तर २०१८ साली लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ ची चित्रफीतच मागवली होती. यातनांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला अनुमोदन दिलेले नाही. परदेशी न्यायालयात भारताच्या विरोधात बोलणारा वकील हा मुद्दा कधी विसरत नाही.

आता पुन्हा मुंबईकडे. टाडा गेल्यावर महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीसाठी स्वतःचा कायदा केला. लोक त्याला मोक्का म्हणतात. त्याच्या १८ व्या कलमाने पोलिसांपुढील कबुलीजबाब पुन्हा आणला. खंडणीखोर टोळ्यांसाठी केलेला कायदा बाँबस्फोटांच्या खटल्यांत वापरला जाऊ लागला. २००२ साली तो दिल्लीत लागू झाला आणि त्याच धर्तीचा कायदा २०१९ च्या अखेरीस गुजरातेत आला.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या सात लोकलगाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अकरा मिनिटांत स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसे मेली. दहशतवादविरोधी पथकाने तेरा जणांवर मोक्का लावला. उपायुक्तांपुढे कबुलीजबाब नोंदले गेले, आरोपींनी पुढे ते नाकारले. सप्टेंबर २०१५ मध्ये खास न्यायालयाने एकाला सोडले, पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ साली नागपूरच्या तुरुंगात कोविडने मेला. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अनिल किलोर व न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांना निर्दोष ठरवले.

या निकालाची कारणे विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावीत अशी आहेत. कबुलीजबाब स्वेच्छेने दिल्याचे न्यायालयाला पटले नाही. त्यांतील काही भाग एकमेकांशी शब्दशः जुळत होते. छळाच्या तक्रारींत तथ्य दिसले. ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता. टॅक्सीवाल्यांनी आरोपींना ओळखले ते शंभराहून अधिक दिवसांनी. जप्त केलेल्या वस्तू नीट मोहोरबंद ठेवलेल्या नव्हत्या. बाँब कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. म्हणजे कबुलीचा खांब काढला तेव्हा त्याच्या बाजूला उभे राहील असे काही उरले नाही. कबुली हाती आहे म्हटल्यावर बाकीचा तपास सैल पडतो, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे सूत्र वाटते. त्यात अधिकाऱ्यांचा दुष्टपणाच असला पाहिजे असे नाही. परीक्षेत कोणते प्रश्न येणार हे आधी कळले तर आपण तरी बाकीचे पुस्तक कितीसे वाचतो?

मालेगावचे उदाहरण याच जातीचे आहे. ८ सप्टेंबर २००६ ला तेथील कबरस्तान व मशिदीजवळ स्फोट झाले, नऊ मुसलमान तरुण मोक्काखाली पकडले गेले, कबुलीजबाब झाले. चार वर्षांनी दुसऱ्या एका प्रकरणातील हिंदू आरोपीने दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या जबाबात हेच स्फोट वेगळ्याच गटाने केल्याचे म्हटले, व पुढे तोही जबाब मागे घेतला. एका गुन्ह्याच्या दोन कबुल्या, दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांच्या नावे. नऊ जणांना २०११ साली जामीन मिळाला आणि एप्रिल २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा माणसे मेली. त्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला पुराव्याअभावी निर्दोष ठरले. जुलै २०२५ च्या या दोन निकालांपैकी एकावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप व्यक्त करणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात. मेलेल्यांच्या घरी मात्र दोन्ही निकालांचा अर्थ एकच होता.

याच्या अगदी उलट खटला याच आर्थर रोडमध्ये चालला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. ओंबळे गेले, कसाब जिवंत सापडला. त्याच्यावर मोक्का लागला नाही. दंडविधान, शस्त्रास्त्र कायदा, तोच १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आणि यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, यांखाली खटला झाला. यूएपीएत पोलिसांपुढील कबुली चालत नाही. तेव्हा पोलिसांना तपासच करावा लागला. छायाचित्रे, स्थानकावरील कॅमेरे, बंदुका व गोळ्यांची तपासणी, बोटीतील वस्तू, दूरध्वनीवरील संभाषणे, शेकडो साक्षीदार. कसाबला कबुली द्यायची होती ती त्याने दंडाधिकाऱ्यापुढे दिली. अटकेपासून नव्वद दिवसांत, २५ फेब्रुवारी २००९ ला, आरोपपत्र दाखल झाले. न्या. ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये तो कायम केला. त्याच्यासोबतचे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, व तिन्ही न्यायालयांत सुटले. या शहरावरील सर्वांत भीषण हल्ल्याचा खटला साध्या पुराव्याच्या नियमांनी दीड वर्षात निकालात निघाला.

पण संसदेने त्या निकालाची वाट पाहिली नाही. डिसेंबर २००८ मध्येच यूएपीएत दुरुस्ती झाली. आरोपपत्राशिवाय ठेवण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढली, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा दिसत असेल तर जामीन देऊच नये असे कलम आले. कबुलीजबाब गेला, त्याच्या जागी जामिनाची गाठ बसली. तपास सिद्ध झाला नाही तरी माणूस पाच-सात वर्षे आत राहतो, मग सिद्ध करण्याची निकड कोणाला? २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या वेळी पुराव्याची बारकाईने छाननी करू नये असे म्हटले, तर २०२१ साली खटला फारच लांबला तर जामीन देता येईल असेही म्हटले. या दोन निकालांमधल्या जागेत कोण कसा सापडतो हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. भीमा कोरेगाव प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, कंपवाताने हात थरथरत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली, मार्च २०२१ मध्ये जामीन नाकारला गेला, त्याविरुद्ध दाद मागितलेली असतानाच ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे, हे ठरवणारा खटला सुरूच झाला नव्हता.

लोकलगाड्यांच्या खटल्यात राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ ला न्यायालयाने सांगितले की सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवायचे नाही, मात्र मोक्काच्या इतर खटल्यांत उच्च न्यायालयाचा हा निकाल आधार म्हणून वापरता येणार नाही. त्याच्या दोन आठवडे आधी, १० जुलैला विधानसभेने व ११ जुलैला विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले होते. परिषदेत ते संमत झाले त्या दिवशी माटुंगा रोड आणि माहीमच्या स्फोटांना बरोबर एकोणीस वर्षे झाली होती.